इचलकरंजीचा हर्निया

त्या गुरुवारी दुपारी, चहाच्या वेळेला, इचलकरंजीतल्या काहीशे पुरुषांचा हर्निया एकदम नाहीसा झाला.

कुणाला दुखलं नाही, कुणाला दवाखान्यात जावं लागलं नाही. घरोघरी फोनवर एक निरोप आला, इतकंच. 'आरोग्य संकेत प्राधिकरणातर्फे कळवण्यात येते की, आपल्या कुटुंबातील सदस्याच्या आरोग्यखात्यातील एक नोंद दुरुस्त करण्यात आली आहे. जुनी नोंद : हर्निया. योग्य नोंद : शिश्नाच्या टोकाला चिकटलेली त्वचा शस्त्रक्रियेने सोडवणे. तसदीबद्दल क्षमस्व.' निरोप कुटुंबाच्या मुख्य क्रमांकावर गेला होता. प्राधिकरणाच्या कल्पनेत हा क्रमांक कुटुंबप्रमुखाचा असतो. आमच्याकडे तो, ज्या बाईला वीज, शाळा, रेशन आणि पाहुणे सांभाळावे लागतात तिचा असतो. त्यामुळे निरोप बायकांनी वाचला, सुनांनी वाचला, आणि एका घरी सासूबाईंना चष्मा सापडेना म्हणून नातसुनेने मोठ्याने वाचून दाखवला.

या सगळ्या शस्त्रक्रिया एकाच सर्जनने केल्या होत्या. डॉ. धनपाल मगदूम. माझे अप्पा. ते मे महिन्यात गेले. निरोप आले तेव्हा सप्टेंबर चालू होता, आणि भेटायला येणाऱ्यांची वर्दळ नुकती कुठे थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली. या खेपेला लोक सांत्वनाला येत नव्हते.

पहिले आले बाळगोंडाकाका चौगुले. ते आमचे शेजारी, यंत्रमागवाले, अप्पा जिथे शस्त्रक्रिया करायचे त्या धर्मार्थ रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावरचे, आणि गावातल्या हर्नियावाल्यांत सर्वांत ज्येष्ठ. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"पद्मा, तू त्या कोडांचंच काम करतीस न्हवं?"

"हो काका."

"मग मला माझा हर्निया परत पाहिजे."

आई पाणी घेऊन येत होती. ती तशीच परत स्वयंपाकघरात गेली. काकांना वाटलं, लाजून गेली. ती हसायला गेली होती. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

मी काही बोलायच्या आत फाटक वाजलं आणि त्यांच्या पत्नी विमलकाकू आल्या. त्यांच्या हातात फोन होता.

"हितं आलाय व्हय तुम्ही? पद्मा, मला एक सांग. हे जे लिहिलंय, ह्याच्यात माणसाला वजन उचलायला चालतं का?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी टोपीकडे पाहिलं.

"चालतं," मी म्हणाले. "आठवडाभरानंतर काहीच पथ्य नसतं."

"आठवडाभर." काकूंनी तो शब्द सावकाश उच्चारला. "थोरल्याचं लगीन झालं त्याच्या आधीपास्नं ह्या घरातलं ज्वारीचं पोतं मी हलवतीया. गाद्या मी वाळत घालतीया. काशीला गेलो तवा बॅगा माझ्या डोक्यावर, आणि हे पुढं मोकळं हात हालवत. का? तर डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलंच हुतं," काका म्हणाले.

यात काका खोटं बोलत नव्हते. हर्निया म्हटला की वजन उचलायची मनाई आलीच. एकदा नाव लिहिल्यावर पथ्य लिहिणं अप्पांना भाग होतं.

काय झालं होतं ते नीट सांगायला हवं.

शिश्नाच्या टोकावरची कातडी जन्मतः आतून चिकटलेली असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते. काहींची पूर्ण सुटत नाही. काहींची सुटलेली पुन्हा चिकटते, विशेषतः मधुमेह असला आणि तिथे वारंवार जखमा होऊन भरत राहिल्या तर. मग दुखतं, चिरतं, लघवीला त्रास होतो. मलमाने भागलं नाही तर सर्जन जागा बधिर करून बोथट सळईने ती कातडी हळूहळू सोडवतो; कुठे जाड पट्टा धरून बसला असेल तर तेवढा कापतो. काम थोड्या वेळाचं. माणूस त्याच दिवशी घरी जातो. वैद्यकशास्त्रात याहून साध्या गोष्टी फार नाहीत, आणि माणसाला सांगायला याहून अवघड गोष्टीही फार नाहीत.

प्रत्येक उपचाराला एक संकेत असतो, म्हणजे क्रमांक. बोथट सळईने सोडवलं तर एक क्रमांक, कापून काढलं तर दुसरा. सर्जन काय केलं ते लिहितो, कोडर ते वाचून क्रमांक लावतो, त्या क्रमांकावर बिल निघतं आणि तोच क्रमांक माणसाच्या आरोग्यखात्यात कायमचा बसतो. मी हेच काम करते. अप्पांना वाटायचं मी डॉक्टर व्हावं. झाले नाही, तेव्हा ते पाहुण्यांना सांगायचे, "आमची पद्मा आजारांची गोत्रं जुळवते."

प्राधिकरणाने यंदा 'अन्वय' नावाची जी प्रणाली आणली तिने उलटा रस्ता धरला. ती सर्जनचं लिखाण वाचतच नाही. गेली कितीतरी वर्षं शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या मुठीत हालचाल टिपणारे बारीक कण बसवलेले असतात. हत्यार किती वेळा वापरलं, किती वेळा निर्जंतुक केलं हे कळावं एवढ्यासाठीच ते होते. हत्याराच्या टोकाला लागलेल्या ऊतीचा विजेला होणारा विरोधही ते टिपतात: कातडीचा वेगळा, चरबीचा वेगळा, स्नायूचा वेगळा. हा सगळा ढीग कुणी न वाचता पडून होता. अन्वयला तो वाचता येऊ लागला. मागाच्या आवाजावरून आत कापड कुठलं चाललंय हे जुना कारागीर रस्त्यावरून सांगतो, तसं. हर्नियात थर उघडावे लागतात, जाळी बसवावी लागते, टाके येतात. अप्पांच्या या नोंदींत टाकाच नव्हता. होती ती फक्त एका लहानशा वर्तुळात सावकाश फिरणारी सळई.

प्राधिकरणाला आजारांची आकडेवारी शुद्ध करायची होती, आणि इचलकरंजीची आकडेवारी जरा जास्तच अशुद्ध होती. हर्नियाचं आमचं प्रमाण पाहून एका संशोधकाने मागाचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, उचलण्याचा पोटाच्या स्नायूंवर काय परिणाम होतो यावर प्रबंध लिहिला होता. प्रबंधावरून सरकारी योजना निघाली. योजनेतून गावातल्या शेडशेडमध्ये बीम उचलायची ढकलगाडी आली. कामगारांच्या पाठी वाचल्या. माझ्या वडिलांच्या खोट्या नोंदींवर उभी राहिलेली ती बहुधा एकमेव योजना, जी ठरल्याप्रमाणे चालली.

पुढच्या आठवड्यात गावाचं रूप पालटलं. बायकांनी उचलायचं थांबवलं. कुणी ठरवलं नव्हतं, सभा झाली नव्हती. पाण्याचे जार, कपड्यांचे पिळे, धान्याची पोती जिथल्या तिथे राहिली, आणि पुरुष मुकाट्याने ती उचलू लागले. औषधाच्या दुकानदाराने हर्नियाचे पट्टे काचेच्या कपाटातून काढून मागे नेऊन ठेवले.

खरी मौज चावडीसमोरच्या चहाच्या गाड्यावर झाली, असं मला दुधवाल्याने सांगितलं. तिथे सकाळी हर्नियावाल्यांचं मंडळ बसायचं. कुणाला शिंकताना कळ येते, कुणाला थंडीत, कुणी कुठला पट्टा वापरावा, यावर तिथे वर्षानुवर्षं चर्चा झालेली. बाळगोंडाकाका त्यात अध्यक्षांसारखे. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपला हर्निया खोटा आहे. दुसऱ्याचा खोटा असेल अशी मात्र कुणाला शंका आली नव्हती. निरोपांच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सगळे नेहमीच्या जागी बसले, चहा आला, आणि कुणीही कुणाकडे न बघता तो संपवला. शेवटी एकजण म्हणाला, "मग ते थंडीत कळ येतीया म्हणत हुता ते काय हुतं?" काका म्हणाले, "तू म्हणत हुतास म्हणून मीबी म्हणत हुतो."

ज्यांना खरोखरच हर्निया झाला होता त्यांचे हाल कुत्रं खाईना. एक शिक्षक तर रोज शाळेत जाताना लोकांना थांबवून सांगत, माझी नोंद बदललेली नाही, हवं तर टाके दाखवतो.

मी हे सगळं ऐकून हसत होते, कारण मला अजून नोटीस आली नव्हती.

नोटीस त्यानंतरच्या सोमवारी आली. 'कै. डॉ. धनपाल मगदूम यांनी केलेल्या नोंदींत सातत्याने एकाच प्रकारची विसंगती आढळली आहे. कायदेशीर वारस या नात्याने आपण कारण निवडावे.' कारणांनाही क्रमांक होते. एक, अज्ञान. दोन, कारकुनी चूक. चूक करणाऱ्याचे नाव आवश्यक. तीन, हेतुपुरस्सर खोटी नोंद. चौथं नव्हतं. आमच्या धंद्यात 'इतर' हा क्रमांक बदनाम आहे. लोक जमेल ते त्यात टाकतात म्हणून तो बंद केलेला असतो. मी काहीच निवडलं नाही तर महिनाअखेर तिसरं कारण आपोआप लागणार होतं आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय सूचीत अप्पांच्या नावापुढे ते कायमचं राहणार होतं.

अप्पांच्या. फोनवर बोलायचं नसलं आणि आई "ते घरी नाहीत" असं म्हणायला लागली की ते तिच्या हातून फोन घेत आणि सांगत, "मी घरीच आहे. बोलायचं मनात नाही." त्या माणसाने हे का केलं असेल, ते मला कळेना. खरं सांगायचं तर मला हसू येणं बंद झालं.

नोटिशीसोबत पुरावा होता. मी तो आईला न सांगता उघडला, पण ती मागे येऊन उभी राहिली. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांनी काढलेले दोन हात. हत्यारांच्या हालचालीवरून अन्वयने रचलेले. चेहरा नाही, रुग्ण नाही, खोली नाही. डावा हात स्थिर. उजवा करंगळी थोडी बाहेर काढून फिरत होता. अप्पा चहाचा कपही तसाच धरायचे.

"हेच," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

आम्ही एक पाहिलं, मग दुसरं, मग बरीच. प्रत्येकाच्या सुरुवातीला तीच गोष्ट होती. हातात सळई आलेली, आणि हात काहीच करत नाही. अन्वयने त्याखाली लिहिलं होतं : निष्क्रिय काळ.

"हे काय करतायत?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी कधी आत गेले? सिंधूला विचार."

सिंधू सिस्टर अप्पांच्या शस्त्रक्रियागृहात पहिल्यापासून होत्या. आता निवृत्त होऊन मुलीकडे जयसिंगपूरला राहतात. त्यांना मी फोनवर ते हात दाखवले.

"निष्क्रिय कसला डोंबलाचा," त्या म्हणाल्या. "सळई तळहातात धरून गरम करायचे. रुग्ण जागा असतो ना. थंड लोखंड लागलं की दचकतो. मी म्हणायची, साहेब, गरम पाण्यात घालून देते. तर म्हणायचे, पाण्याचा अंदाज येत नाही, हाताचा येतो."

आई उठून बाहेर गेली. मी सिस्टरना विचारलं, "आणि हर्निया?"

"तो नाईलाज होता गं. पहिल्यांदा खरंच लिहायचे. पण आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. बिलाच्या खिडकीतून कारकून नाव पुकारायचा, आणि नावासोबत आजार. एकाच नावाचे चार-चार लोक, मग ओळखायचं कसं? अमुक पाटील मूतखडा, अमुक पाटील अपेंडिक्स. बाकावर अख्खं गाव बसलेलं. एकदा एका विणकराचं नाव पुकारलं, पुढचं वाक्य अर्धं झालं नाही तोवर तो पट्टीसकट मागच्या दाराने पळाला. आम्ही हसलो. साहेबसुद्धा हसले. पुढे जखम चिघळली तरी तो परत आला नाही. आणला तेव्हा कोल्हापूरला पाठवावा लागला, आणि तिथे फार काही वाचवता आलं नाही. त्यानंतर कुणी यायचंच बंद झालं. मग साहेबांनी एकाला विचारलं, बाबा, खिडकीतून काय पुकारलं तर तुला चालेल? तो म्हणाला, हर्निया. बीम उचलणाऱ्याला हर्निया म्हणजे कष्टाचा आजार, त्यात कसली लाज? झालं. त्या महिन्यात सात आले."

"पण नोंदीत तरी खरं लिहायचं. पुकारायचं वेगळं."

"पुकारायचं ते नोंदीतनंच वाचून ना? बिल जास्तीचं निघायचं, तो फरक साहेब आपल्या फीतून कमी करायचे. आणि हे बघ पद्मा, तुझ्या त्या दोन नंबरच्या कारणात माझं नाव घाल. नोंदी मीच टाईप करायची. मला आता कोण विचारतंय? मुलगी तर म्हणते, तुझं नाव कुठेतरी छापून येऊ दे एकदा."

मी मोहात पडले नाही असं म्हणणार नाही. दुपारभर मी ते नाव रकान्यात भरून पुसत होते. पण अप्पांनी दुसऱ्याच्या हातून फोन काढून घेतला असता.

शिवाय एक गोष्ट मला कोडर म्हणून टाळता येत नव्हती. अन्वयचं बरोबर होतं. अप्पांच्या नोंदींमुळे आमच्या तालुक्यात हा आजार शून्य होता. शून्य असलेल्या आजारासाठी कुणी शिबिर भरवत नाही, नव्या डॉक्टरांना शिकवत नाही, मधुमेहाच्या रुग्णांना विचारत नाही. इचलकरंजीतले पुरुष बरे झाले. शेजारच्या गावांतले, ज्यांना अप्पा भेटले नाहीत, ते शून्यात राहिले. दुरुस्ती मला नाकारायची नव्हती. मला फक्त अप्पांच्या नावापुढचं ते तिसरं कारण नको होतं.

प्राधिकरणातल्या अधिकाऱ्याशी बोलायला मला तीन यंत्रांतून जावं लागलं. तो तरुण होता, सभ्य होता, आणि माझं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, एक तरतूद आहे. रुग्णाच्या विनंतीवरून नोंद बदलली असेल तर डॉक्टरांवर ठपका येत नाही. पण तसं रुग्णांनी सांगायला हवं. हयात रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त."

"लिहून दिलं तर?"

"लेखी नाही चालत. एकजण सगळ्यांच्या सह्या करतो. स्वतःच्या आवाजात. आवाज आरोग्यखात्यातल्या ठशाशी जुळला पाहिजे, आणि शस्त्रक्रियेचं योग्य नाव त्यांनी स्वतः उच्चारलं पाहिजे. नाहीतर कशाला संमती दिली हे कसं कळणार?"

"तुम्ही कधी इचलकरंजीला आलायत?"

"नाही, का?"

"सहज विचारलं."

त्या संध्याकाळी मी बाळगोंडाकाकांना हे सांगितलं. ते ओट्यावरून उठून उभे राहिले.

"डॉक्टरसाहेबांसाठी मी जीव देईन, पद्मा."

"जीव नकोय काका. एक वाक्य हवंय."

"तोंडानं म्हणायचं?"

"तोंडानेच."

"लिहून देतो की."

"लिहून चालत नाही."

"मग विमल म्हणेल. ती तसंबी दिवसातनं धा येळा म्हणतीच आता."

"तुम्हीच म्हणायला हवं."

ते घरात गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी काहीजणांना भेटले. एकाने मला पाहून सायकल वळवली. एकजण म्हणाला, मी गेलोय म्हणून सांग. त्याच्या बायकोने आतून ओरडून तो जिवंत असल्याचं कळवलं. रात्री जेवताना मी आईला म्हणाले, "होणार नाही हे. लाजेने मरतील, पण बोलणार नाहीत."

आई ताटातली भाकरी मोडत होती. अप्पा गेल्यापासून ती फाटकाबाहेर पडली नव्हती. सकाळी उठून बघते तर ती चप्पल घालत होती.

"कुठे निघालीस?"

"बाळगोंडा भावजींकडे."

मी मागोमाग गेले. काका ओट्यावर पेपर वाचत होते. आईला पाहताच उठून उभे राहिले. विमलकाकूंनी चटई टाकली, चहा आणला. आईने तो शांतपणे प्यायला. कुणाचं कसं चाललंय याची चौकशी केली, धाकट्या सुनेला कितवा महिना ते विचारलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "निघते. अजून बऱ्याच घरी जायचंय."

"कशापायी, वहिनी?" काका म्हणाले.

"त्याचसाठी. एकेकाला समजावून सांगते, काय बोलायचं, कसं बोलायचं. अवघड नाही हो. मी काल रात्री म्हणून बघितलं. शिश्नाच्या—"

"वहिनी." काकांनी दोन्ही हात वर केले. "तुम्ही घरोघर जाऊन हे बोलणार?"

"मग? मला कसली लाज? नवऱ्याचं कामच होतं ते. तुमच्यापासनं सुरुवात करावी म्हटलं, तुम्ही जवळचे."

काकांनी विमलकाकूंकडे पाहिलं. काकूंनी चहाचे कप उचलले, म्हणजे त्या निदान एवढं उचलत होत्या, आणि आत गेल्या.

"तुम्ही कुठं जाऊ नगासा," काका म्हणाले. त्यांना घाम आला होता. "डॉक्टरांची मंडळी दारोदार फिरून असलं बोलती म्हटल्यावर ह्या गावानं तोंड कुठं दाखवायचं? बसा तुम्ही. मी जातो."

"तुम्ही बोलाल सगळ्यांशी?"

"बोलतो."

"नीट नाव घेऊन?"

"ते खिडकीवर घेतो. वाटंत नगो."

रविवारी रुग्णालयाचं बाह्यरुग्ण दालन आम्ही मागून घेतलं. बिलाच्या जुन्या खिडकीत प्राधिकरणाने पाठवलेलं अन्वयचं यंत्र ठेवलं आणि नावं विचारायला मी बसले. पुरुषांची अट होती की एकही बाई आत दिसता कामा नये. मी चालेन, कारण मी सरकारी आहे. मी सरकारी नाही, हे मी सांगितलं नाही. बायका बाहेर पारावर बसल्या होत्या. खिडक्या उघड्या होत्या.

मला वाटलं होतं, दहा-पंधरा येतील. रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. काकांनी त्यांना काय सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. विमलकाकूंचं म्हणणं, प्रत्येकाला त्यांनी एवढंच सांगितलं की, तू आला नाहीस तर मगदूमवहिनी तुझ्या घरी येणार आहेत.

पहिले काका आले. कोट घातला होता.

'कृपया आपण करून घेतलेल्या शस्त्रक्रियेचे नाव सांगा,' यंत्र म्हणालं.

"ते आपलं कमरेखालचं."

'नोंद अपूर्ण. कमरेखाली अनेक शस्त्रक्रिया संभवतात. कृपया नेमके नाव सांगा.'

"फुडच्या बाजूचं."

'नोंद अपूर्ण. पुढच्या बाजूलाही अनेक शस्त्रक्रिया संभवतात.'

"ह्याला काय कळतंय का न्हाई?" काका मला म्हणाले.

"त्याला सगळं कळतं काका. तुमच्याकडून ऐकायचंय."

रांगेतून आवाज आला, "आण्णा, बोला की एकदाचं. आमचं पाय मोडाय लागलं."

"तुझी येळ आली की बघतो तुला," काका मागे न वळता म्हणाले. मग त्यांनी कोटाची बटणं लावली, भिंतीकडे नजर लावली आणि झेंड्यासमोर प्रतिज्ञा म्हणावी तशा आवाजात पूर्ण नाव म्हटलं. एकही अक्षर सोडलं नाही. बाहेर पारावरचं बोलणं थांबलं. कुठेतरी एक माग चालू होता, तेवढा ऐकू येत राहिला.

'नोंद पूर्ण. हर्निया ही नोंद आपल्या विनंतीवरून केली होती काय?'

"विनंती कसली? पाय धरलं हुतं मी त्यांचं."

'कृपया होय किंवा नाही सांगा.'

"व्हय," काका म्हणाले. "व्हय, व्हय."

त्यानंतरच्यांना सोपं गेलं. कुणी डोळे मिटून म्हटलं. कुणी एका दमात म्हटलं आणि यंत्राने पुन्हा म्हणायला लावलं. एक निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांनी नाव तर घेतलंच, वर प्राधिकरणाच्या निरोपात 'तसदी' हा शब्द जड वाटतो असं सुचवलं. एकाला मध्येच हसू फुटलं, ते रांगेभर पसरत गेलं, आणि बाहेरच्या बायकांनाही लागलं. माणसं बाहेर पडताना ताठ चालत होती. मी नावं विचारत होते आणि प्रत्येक वेळी यंत्र, अप्पांनी त्या माणसाची नोंद कधी केली ती तारीख दाखवत होतं. काही तारखा मला आठवत होत्या. माझी परीक्षा, आईचं आजारपण, अप्पा उशिरा जेवायला आले ते दिवस.

दुपार कलली तेव्हा पडद्यावर अक्षरं आली : आवश्यक जबाब पूर्ण. कारण : रुग्णाची विनंती. डॉक्टरांविरुद्ध कार्यवाही बंद.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून रांगेपाशी गेले. अजून बरेच उभे होते, उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून.

"झालं," मी म्हणाले. "पुरेसे जबाब झाले. डॉक्टरांवर आता काही येत नाही. तुम्हाला बोलायची गरज उरली नाही. घरी गेलात तरी चालेल."

कुणी हललं नाही. पुढे उभा असलेला माणूस साधारण पन्नाशीचा होता, अंगावर कामाचा बनियन, केसांत सुताची कुसळं. त्याने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "सकाळपास्नं पाठ करून आलोय. आता बोलूनच जातो."

मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हीबी."

मी खिडकीत परत जाऊन बसले. त्याला नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं, आणि यंत्राने विचारायच्या आधीच पुढचंही.